तात्यांची हर्क्युलिस आणि नवारीची सीट



दोन-तीन महिने लेख का आला नाही, असं बऱ्याच जणींनी विचारलं. खरं सांगते, माझे हात ग्रीसने काळे झाले होते. नखांतली काळी रेघ जाता जात नव्हती. पूजेच्या ताटाला हात लावायच्या आधी तीन-तीनदा साबण लावावा लागायचा आणि सासूबाई म्हणायच्या, "आता ते लोखंड सोड की गं बाई!" पण सुटत नव्हतं. घरातली एक जुनी सायकल मी पुन्हा उभी करत होते.

ही माझ्या आजेसासऱ्यांची सायकल. सगळे त्यांना तात्या म्हणत. मी या घरात आले तेव्हा तात्या नव्हते, पण त्यांची सायकल होती. खालच्या मजल्यावर जिन्याखाली उभी असायची. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांच्या वर गेलं, ते तुम्ही कुणीच विसरला नसाल. गावभागातल्या आमच्या घराचा खालचा मजला बुडाला. पाणी ओसरलं तेव्हा गाद्या, कपाटं, वह्या, धान्याच्या कोठ्या सगळं रस्त्यावर टाकून द्यावं लागलं. सायकल मात्र चिखलात होती तशी उभी होती. ती फेकायला कुणाचा हात उठला नाही. धुऊन परसात ठेवली, वर ताडपत्री टाकली, आणि नंतर आम्ही सगळेच तिला विसरलो.

गेल्या दिवाळीनंतर माझ्या मुलाने ताडपत्री काढली आणि विचारलं, "आई, ही चालेल का?" तिथून हे सगळं सुरू झालं. सायकल खोलता खोलता मी तिचा इतिहासही शोधत गेले. तो आपल्या सांगली-साताऱ्याच्या मातीत, आपल्या समाजात आणि शेवटी आमच्या स्वयंपाकघरात येऊन पोचला. म्हणून हा लेख.

सायकल आपल्याकडे आली कशी

आज आपण ओळखतो त्या आकाराची सायकल, म्हणजे दोन सारखी चाकं, मध्ये पायडल आणि मागच्या चाकाला साखळी, ही १८८५ ची. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत जॉन केंप स्टार्ली यांनी 'रोव्हर' नावाची सायकल काढली. त्याआधीच्या सायकलचं पुढचं चाक माणसाच्या छातीइतकं उंच असायचं आणि वरून पडलं तर डोकं फुटायचं. म्हणून या नव्या सायकलला 'सेफ्टी' म्हणजे सुरक्षित सायकल म्हणू लागले. तीनच वर्षांनी, १८८८ मध्ये, बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलॉप यांनी हवा भरलेल्या टायरचं पेटंट घेतलं. ते धंद्याने जनावरांचे डॉक्टर होते. मुलाच्या तीनचाकीला खडबडीत रस्त्यावर हादरे बसू नयेत म्हणून त्यांनी ही युक्ती काढली होती.

त्याच १८८८ साली आपल्याकडे बेळगावात किर्लोस्कर बंधूंनी सायकलचं छोटं दुकान काढलं. लक्ष्मणराव किर्लोस्कर तेव्हा एकोणीस वर्षांचे होते. त्यांना चित्रकार व्हायचं होतं. १८८५ मध्ये ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले, पण काही रंग त्यांना नीट ओळखू येत नाहीत असं लक्षात आलं. रंगकाम सोडून ते यंत्रांच्या आराखड्यांकडे, ड्रॉइंगकडे वळले आणि पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवायचे आणि थोरले बंधू रामूअण्णा त्या बेळगावात विकायचे. सायकल विकत घेणाऱ्याला ती चालवायलाही शिकवावं लागायचं. दुचाकीवर माणूस तोल सांभाळून बसतो हेच तेव्हा नवल होतं.

पुढे लक्ष्मणरावांनी मुंबईची नोकरी सोडली आणि ते बेळगावला आले. सायकलच्या दुकानात दुरुस्ती आली, दुरुस्तीतून हत्यारं आली, आणि हत्यारं आल्यावर माणसाला स्वतः काही घडवावंसं वाटतं. आधी जनावरांचा चारा कापायचं यंत्र झालं. मग लोखंडी नांगर. तो सुरुवातीला कुणी घेईना. लोखंडाने जमिनीत विष कालवलं जातं, असा शेतकऱ्यांचा समज होता. पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली, असं सांगतात.

मग नगरपालिकेला कारखान्याची जागा हवी झाली आणि किर्लोस्करांना बेळगाव सोडावं लागलं. तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. औंध सातारा जिल्ह्यात, पण त्या संस्थानाचे तुकडे दूरदूर विखुरलेले होते. त्यातलंच एक कुंडल. कुंडल रोड स्टेशनजवळचं निवडुंगाने आणि सापांनी भरलेलं माळरान राजांनी कारखान्यासाठी दिलं. १९१० मध्ये तिथे वसाहत उभी राहिली, तीच किर्लोस्करवाडी. आज ती सांगली जिल्ह्यात, पलूस तालुक्यात आहे. मिरज-पुणे गाडीने जाताना तुम्ही ते स्टेशन कितीदा तरी पाहिलं असेल.

मला यातली एक गोष्ट फार आवडली. एवढ्या मोठ्या कारखानदारीची सुरुवात दुसऱ्याने केलेल्या वस्तूच्या दुरुस्तीपासून झाली. आपण घरात मिक्सरचं भांडं, कुकरची शिट्टी, शिलाई मशीन दुरुस्त करतो आणि त्याला काम म्हणून मोजतही नाही.

नांगर विकणारे भाऊराव

इथून हा धागा आपल्या समाजात येतो. किर्लोस्करांचे नांगर गावोगाव नेऊन विकणाऱ्यांत एक होते भाऊराव पायगोंडा पाटील, म्हणजे आपले कर्मवीर अण्णा. जन्म १८८७ चा, कुंभोजचा. बाहुबलीच्या डोंगरावर आपण दर्शनाला जातो, त्याच्या पायथ्याजवळचं कुंभोज. मूळ गाव वाळवा तालुक्यातलं ऐतवडे बुद्रुक. आधी ते ओगले काच कारखान्यासाठी कंदील विकत फिरले, मग किर्लोस्करांचे नांगर. पुढे साताऱ्यात कूपर यांच्या कारखान्याशीही त्यांचा संबंध आला.

या फिरतीत त्यांनी खेडी आतून पाहिली. नांगर घेणारा शेतकरी पावतीवर अंगठा उठवतो आणि त्याच्या मुलाला शाळा नाही, हे पाहिलं. १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू झाली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्याला आली. सगळ्या जातीधर्मांची मुलं साताऱ्याच्या वसतिगृहात एकत्र राहायची, एकत्र जेवायची. १९२७ मध्ये महात्मा गांधी तिथे आले आणि त्यांच्या हस्ते वसतिगृहाला छत्रपती शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं.

कर्मवीरांचं नाव सगळे घेतात. मला लक्ष्मीबाईंचं घ्यायचं आहे. सोवळं पाळणाऱ्या जैन घरातली ही सून. तिने त्या सगळ्या मुलांना आपलं म्हटलं, त्यांना रांधून वाढलं. वसतिगृहात धान्य संपलं तेव्हा एक-एक करत अंगावरचे दागिने दिले आणि शेवटी मंगळसूत्रही दिलं. १९३० मध्ये त्या गेल्या. माझं माहेर साताऱ्याचं. आमचे आजोबा रयतच्या शाळेत मास्तर होते. शाळेच्या आवारात अण्णांचा पुतळा होता, पण लक्ष्मीबाईंची गोष्ट मला शाळेने सांगितली नाही, आजीने सांगितली.

हे सगळं सायकलच्या लेखात कशाला, असं वाटेल. थोडं थांबा. आमच्या सायकलवरही एका बाईचं काम होतं आणि तेही कुणी मोजलं नव्हतं.

वहीतली नोंद

आमची सायकल हर्क्युलिस. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमला १९१० मध्ये ही कंपनी निघाली आणि १९३० च्या दशकात जगातल्या मोठ्या सायकल कंपन्यांत गणली जाऊ लागली. दुसऱ्या महायुद्धात परदेशी सायकली मिळेनाशा झाल्या, युद्धानंतर पुन्हा येऊ लागल्या. स्वातंत्र्यानंतर इथेच कारखाने निघाले. मद्रासला टी. आय. सायकल्सने हर्क्युलिस बनवायला सुरुवात केली, आसनसोलला सेन-रॅले, सोनिपतला अॅटलस, आणि १९५६ मध्ये लुधियानाला हिरो. आमच्या सायकलच्या पुढच्या नळीवरच्या पितळी बिल्ल्यावर बर्मिंगहॅम आहे, म्हणजे ती देशी कारखान्यांच्या आधीची.

नेमकं साल तात्यांच्या हिशेबाच्या वहीने सांगितलं. ही वही माळ्यावर होती म्हणून पुरातून वाचली. त्यात नोंद आहे, 'हर्क्युलिस सायकल, सांगली, जि. दक्षिण सातारा', आणि पुढे दोन हप्ते. हे 'दक्षिण सातारा' वाचून मुलगा म्हणाला, "पण सांगली तर वेगळा जिल्हा आहे ना?" आज आहे. १९४८ मध्ये सांगली, औंध वगैरे संस्थानं विलीन झाली. १ ऑगस्ट १९४९ ला साताऱ्याचा दक्षिणेकडचा भाग आणि ही संस्थानं मिळून 'दक्षिण सातारा' जिल्हा झाला. त्याचं 'सांगली' हे नाव १९६० मधलं. तेव्हा सायकल १९४९ च्या आधीची नाही आणि फार नंतरचीही नाही. जिल्ह्याचं पुसलं गेलेलं नाव आमच्या घरात एका सायकलच्या नोंदीत राहून गेलं.

तात्या सांगलीच्या बाजारात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी होते. मूळ गाव आष्ट्याच्या वाटेवर, सांगलीपासून बारा-तेरा किलोमीटर. आयर्विन पूल १९२९ मध्ये झालेला, त्यामुळे कृष्णा ओलांडायची अडचण नव्हती. अडचण वेळेची होती. तात्यांचा रात्रिभोजनाचा त्याग होता. दिवस मावळल्यावर अन्न नाही. दुकानातून पाचला सुटून चालत निघालं तर घरी पोचायला साडेसात. म्हणून ते संध्याकाळचं जेवण बाजारातच कुठेतरी कोरडं खाऊन उरकायचे, नाहीतर उपाशी राहायचे. सायकल आली आणि तासाभरात घर आलं.

पुण्याचे एक हौशी गृहस्थ ही सायकल बघायला आले होते. ते म्हणाले, "आश्चर्य आहे, हिला डायनामो कधी बसवलेलाच दिसत नाही." त्या काळी रात्री बत्तीशिवाय सायकल चालवली तर पोलीस दंड करायचे. मग या सायकलला दिवा कसा नाही? सासूबाई दारातून म्हणाल्या, "त्यांना दिवा कशाला लागतोय? दिवस असतानाच घरात यायचे की!"

खोलाखोली

आता मुख्य काम. ज्या मैत्रिणींना घरात असं काही करायचं असेल त्यांच्यासाठी जरा सविस्तर लिहिते.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक म्हातारे मिस्त्रीकाका आहेत. त्यांनी पहिलंच वाक्य सांगितलं, "वैनी, पाणी मारू नका. पाण्यानंच वाट लागलीया." सुकलेला चिखल ब्रशने झटकला. पाण्याचा पाइप लावला असता तर उरलासुरला गाळ छऱ्यांत गेला असता.

सीटखालच्या नळीत कुंभारीण माशीने मातीचं घर केलेलं होतं. ते खरवडलं नाही. पंधरा दिवस त्या बाजूला हात लावला नाही. माश्या उडून गेल्याची, छिद्रं मोकळी झाल्याची खात्री झाली तेव्हाच नळी साफ केली. मुलगा वैतागला, पण त्या पंधरा दिवसांत त्याने दोन्ही चाकं खोलायला शिकून घेतली.

गंजलेल्या नटांवर पूर्वी रॉकेल ओतायचे. आता रॉकेल मिळत नाही, म्हणून डिझेल आणि थोडं मशीनचं तेल. रोज संध्याकाळी थेंब-थेंब, चार दिवस. घाई करून पान्हा लावला की नटाचे कोपरे झिजतात आणि मग तो कायमचा बसतो. डावं पायडल उलट्या आट्यांचं असतं हे लक्षात ठेवा, नाहीतर सोडवतेय असं समजून तुम्ही ते आवळतच राहाल. मी अर्धा तास आवळत होते.

सगळ्यात हट्टी म्हणजे कॉटर पिना. पायडलचा दांडा आसाला धरून ठेवणाऱ्या या दोन लोखंडी पाचरी. खाली लाकडाचा ठोकळा देऊन वरून एकच नेमका घाव घालायचा. हळूहळू ठोकत बसलं की पिनेचं डोकं पसरतं. पहिली पीन मिस्त्रीकाकांनी काढली, दुसरी मी.

छरे काढताना खाली जुनी साडी अंथरली. एक छरा घरंगळला की दिवसभर शोधत बसायचं. मागच्या चाकात दोन्ही बाजूंना नऊ-नऊ, पुढच्यात दहा-दहा बारीक. निम्म्यांवर खड्डे पडले होते. सगळे नवीन घेतले. छरे स्वस्त असतात, तिथे काटकसर करू नये. पुढच्या चाकाला बत्तीस तारा, मागच्याला चाळीस, कारण बोजा मागे असतो. त्यातल्या अकरा तुटलेल्या. मिस्त्रीकाकांनी तारा ओढून चाकाचा आऊट काढला. ते काम बघण्यासारखं असतं. चाक फिरवायचं, खडू धरायचा, खडू लागेल तिथली तार सैल करायची, समोरची आवळायची. एकाच तारेवर सगळा ताण दिला की चाक वाकडं होतं.

सुटे भाग मिळतील का, ही मोठी काळजी होती. पण सांगलीत सगळं मिळालं. २८ बाय दीडचा टायर, रॉड ब्रेकची रबरं, कॉटर पिना, सगळं. शंभर वर्षांपूर्वीची ती इंग्रजी सायकल तिकडे कधीच मागे पडली. आपल्याकडे दूधवाल्यांनी, वेल्डरनी, शाळेच्या शिपायांनी ती चालवत ठेवली, म्हणून तिचे भाग अजून बनतात.

चरबी, मेण आणि काकवी

या कामात आपल्यासारख्यांनी कुठे थांबायचं, ते मला पावलोपावली ठरवावं लागलं.

गंज काढायला काकवी फार चांगली, असं कुणीतरी सांगितलं. एक भाग काकवी, नऊ भाग पाणी, त्यात लोखंड आठ-दहा दिवस बुडवायचं, गंज आपोआप सुटतो. साखरेच्या जिल्ह्यात काकवीला काय तोटा! पण ते पाणी आंबतं, त्यात जीव पडतात, मुंग्या-चिलटं येऊन मरतात. ते मी केलं नाही. चिंचेचा दाट कोळ करून लावला, तासाभराने घासला, सोड्याच्या पाण्याने पुसला आणि लगेच कोरडं करून तेल लावलं. वेळ जास्त लागला, हात जास्त दुखले. चकाकी असलेल्या भागांवर ॲल्युमिनियमची फॉइल चुरगळून पाण्याने हलकेच घासली. त्यावरचा गंज जातो आणि मुलामा राहतो.

ग्रीसचं मात्र आश्चर्य वाटलं. पूर्वी अनेक ग्रीसांत जनावराची चरबी असायची. आज सर्रास मिळणाऱ्या लिथियम ग्रीसमध्ये खनिज तेल घट्ट करायला जे आम्ल वापरतात ते बहुधा एरंडेल तेलापासून केलेलं असतं. आपलं एरंडेल सायकलच्या चाकात! तरी डब्यावर वाचून, दुकानदाराला विचारून घ्यावं.

रंगाला पॉलिश करताना मधमाश्यांचं मेण नको होतं. कार्नौबा नावाचं ब्राझीलच्या ताडासारख्या झाडाच्या पानांवरचं मेण मिळतं, ते घेतलं. रंग मात्र नवा दिला नाही. काळा रंग जिथे आहे तिथे आहे, गेलाय तिथे गेलाय. नळीवर सोनेरी रेघेचा एक तुकडा अजून दिसतो.

चामडं की नवार

पुण्याच्या त्या गृहस्थांनी सायकल विकत मागितली होती. जुन्या सायकलींचा नाद आता बराच वाढला आहे. पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांनी स्वतः शोधून, दुरुस्त करून जमवलेल्या जुन्या सायकलींचं संग्रहालय २०१७ पासून आहे. पॅराशूटने उतरणाऱ्या सैनिकांसाठी दुसऱ्या महायुद्धात केलेली घडीची बीएसए सायकलही तिथे आहे. मुलांना घेऊन जरूर जा.

तर ते गृहस्थ म्हणाले, "सगळं उत्तम झालंय ताई. फक्त सीट ओरिजिनल बसवा. जुनी चामडी सीट मी मिळवून देतो. मग हिची किंमत दुप्पट."

आमच्या सायकलची सीट पुरात कुजली होती. उरला होता नुसता लोखंडी सांगाडा, स्प्रिंगा आणि कुजक्या पट्ट्यांची लक्तरं. मला वाटलं होतं की चामडंच कुजलं असेल. या सायकलला मूळची चामड्याचीच सीट असायची. पुढच्या आणि मागच्या पट्टीत चामडं ताणून रिबिटांनी ठोकलेलं असतं. पंपातला वायसरसुद्धा चामड्याचा असायचा.

पण मिस्त्रीकाकांनी ती लक्तरं हातात घेतली आणि म्हणाले, "ही तर नवार हाय."

सासूबाईंना विचारलं. त्या जरा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "आत्याबाईंनी विणलेली." म्हणजे तात्यांच्या पत्नीने, माझ्या आजेसासूबाईंनी. सायकल घरी आली त्याच दिवशी त्यांनी विचारलं होतं की ह्या सीटवर बसून तुम्ही सकाळी बस्तीत कसे जाणार? तात्या म्हणाले, सीट काढली तर बसू कशावर? आजींनी बाजेची नवार आणली, चार पदरी शिवली आणि चामडं काढलेल्या सांगाड्यावर आडवी-उभी ताणून विणली. वर कापसाची पातळ गादी. नवार सैल पडायची. सीटच्या टोकाशी एक नट असतो, तो आवळला की पुन्हा ताठ व्हायची. दोन-अडीच वर्षांनी झिजायची, मग आजी पुन्हा विणायच्या. तात्यांनी तीसेक वर्षं सायकल चालवली. म्हणजे दहा-बारा सीटा त्यांनी विणल्या असतील.

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली. कधी वाटेत पंचर झाली, पूल पाण्याखाली गेला, दुकानात उशीर झाला आणि दिवस मावळला, तर तात्या उपाशी झोपायचे. आजी घरातच असायच्या, वेळेत जेवू शकत होत्या. पण वाट बघताना त्यांचीही वेळ टळायची. "त्यांनी कधी सांगितलं नाही. तात्यांना वाटायचं, ती जेवली असेल."

मी हे ऐकलं तेव्हा हातात पक्कड होती, ती तशीच राहिली. सायकल तात्यांची, वही तात्यांची, व्रतही सगळे तात्यांचंच सांगतात. आणि सीट?

पुण्याच्या गृहस्थांना मी फोन करून नाही म्हटलं. ते चांगले माणूस होते. म्हणाले, "पण ती ओरिजिनल होणार नाही." मी म्हटलं, दादा, आमच्या घरात आली त्या दिवसापासून तिची सीट हीच होती.

नवार बाजारात आता नायलॉनची मिळते. सुती नवार शोधायला आठ दिवस गेले. विणायला सासूबाई बसल्या. आधी म्हणाल्या, "मला कुठं आठवतंय!" पण दोन पट्ट्या ताणल्यावर बोटं आपोआप चालू लागली. एक वर, दोन खाली. ती वीण मी शिकून घेतली.

आपण आणि सायकल

एक प्रश्न मात्र मनातून जात नाही. दहा-बारा सीटा विणणाऱ्या आजी त्या सीटवर एकदाही बसल्या नाहीत.

इंग्लंड-अमेरिकेत १८९० च्या दशकातच बायका सायकलवर बसल्या. मधली नळी खाली वाकवून लेडीज सायकल झाली, घोळदार झगे आखूड झाले, मोठा गहजब झाला. चेहरा कायमचा ताणलेला राहतो असं सांगून डॉक्टरांनी बायकांना घाबरवलं. तरीही अमेरिकेतल्या मताधिकाराच्या नेत्या सुझन अँथनी यांनी जाहीर सांगितलं की स्त्रियांना मोकळं करण्यात सायकलइतका वाटा दुसऱ्या कशाचा क्वचितच असेल. आपल्याकडे सायकलच्या दुकानातून वाढलेल्या त्याच किर्लोस्करवाडीतून १९३० मध्ये 'स्त्री' मासिक निघालं आणि घराघरांतल्या बायका वाचू-लिहू लागल्या. तमिळनाडूत पुदुकोट्टईला १९९० च्या सुरुवातीला साक्षरता मोहिमेत हजारो खेड्यातल्या बायका सायकल शिकल्या, कारण अक्षरं शिकलेल्या बाईला वर्गापर्यंत स्वतः जाताही यायला हवं होतं.

माझी आई साताऱ्यात आयुष्यभर बाबांच्या मागे कॅरेजवर बसली. मी तासाच्या भाड्याच्या सायकलवर, नळीखालून पाय घालून, अर्ध्या पायडलवर शिकले. गुडघ्याची खूण अजून आहे. लग्नानंतर सायकल सुटली ती सुटलीच.

माघातल्या एका सकाळी सायकल पूर्ण झाली. मुलगा पहिली फेरी मारून आला. मग सासूबाई म्हणाल्या, "आता तू बस." नळी उंच, म्हणून पंजाबी ड्रेस घातला, ओट्यावर पाय टेकून चढले आणि गल्लीतून बस्तीपर्यंत जाऊन आले. नवार थोडी करकरते. तशी पूर्वीही करकरायची म्हणे, गल्लीच्या तोंडाशी तात्या आले की आजींना आतूनच कळायचं.

मैत्रिणींनो, तुमच्याही माळ्यावर, जिन्याखाली अशी एखादी वस्तू असेल. सायकल, शिलाई मशीन, जातं, पितळी स्टोव्ह. ती भंगारात देण्याआधी किंवा हौशी माणसाला विकण्याआधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला एकदा विचारा की यात तुमच्या हाताचं काय आहे. आणि ती काय म्हणाली ते मला जरूर कळवा.

नवारीची वीण कुणाला शिकायची असेल तर सांगा. सासूबाई शिकवायला तयार आहेत. फक्त संध्याकाळी पाचच्या आत या.